शाळेच्या वेळातला तारा

जवळा बाजार गावच्या स्टँडवर जीपवाला "पाच मिनिटात निघू" म्हणाला, की माझ्या तोंडून अजूनही "कशावरून?" निघून जातं. आत कोंबलेली माणसं माना वळवून बघतात. जीपवाला तर असा बघतो, जणू मी त्याच्या गाडीचा नाही, खानदानाचा विषय काढलाय. मागच्या उन्हाळ्यात माझ्यासाठी एक स्थळ बघायला गेलो होतो. मुलीचे मामा म्हणाले, "पोरगी लई शांत स्वभावाची हाय." मी पोहे खात होतो. घास गिळता गिळता शब्द निसटलाच. पोहे संपायच्या आत आमची उठायची वेळ झाली. दुसरं स्थळ अजून यायचंय.

ही सगळी आडे मॅडमची देणगी. त्यांनी आम्हाला नववी-दहावीत खगोलभौतिकी शिकवली. त्यातलं तुझ्याकडं काय उरलं असं कुणी विचारलं, तर हा एक शब्द उरला, आणि त्यानं माझं फारसं भलं केलेलं नाही.

खगोलभौतिकी हा विषय आमच्या वेळापत्रकात अर्थातच नव्हता. वेळापत्रकात शेवटचा तास खेळाचा होता आणि खेळाला सर नव्हते, म्हणून तो तास मॅडमनी मागून घेतला होता. त्याच सुमाराला औंढ्याच्या बाजूला गुरुत्वलहरी मोजण्याचा मोठा प्रकल्प येणार अशी बातमी आली होती. लहरी कसल्या, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं, पण मतं प्रत्येकाकडं होती. कुणी म्हणे पाऊस कळणार, कुणी म्हणे भूकंप कळणार. आमचे चुलते म्हणाले, "पोरा, त्या लायनीला लाग. शास्त्रज्ञ न्हाई झालास तरी वॉचमन तर होशीलच." म्हणून मी आडे मॅडमच्या वर्गात नाव दिलं. घरी येऊन वडिलांना सांगितलं, "बाबा, मी खगोलभौतिकी करून राहिलो." वडील सोयाबीनला फवारणी करून आले होते. हात धुता धुता म्हणाले, "कर. पाणी किती लागतं त्याला?"

मॅडम मूळच्या सेनगावकडच्या एका तांड्यावरच्या. त्या तांड्यावरून विज्ञानाची पदवी घेणारं पहिलं माणूस त्याच, असं आम्ही ऐकून होतो. आमच्या शाळेत त्या गणित-विज्ञानाला आल्या तेव्हा पस्तिशीच्या आतबाहेर असतील. काटक बांधा, पिनांनी घट्ट बसवलेली साडी आणि साडीखाली पांढरे खेळाचे बूट. खुर्चीवर बसलेल्या त्यांना मी दोन वर्षांत फक्त एकदा पाहिलं. ते पुढं येईलच.

त्यांची पहिली तऱ्हा म्हणजे त्या आम्हाला अहो-जाहो करत. नववीतल्या, नाक ओढणाऱ्या पोरांना! "अहो कदम, उठा. तारा म्हंजे काय, सांगा." घरी मला 'अरे' म्हणणारंही कुणी नव्हतं, थेट 'ए' होतं. त्यामुळं 'अहो कदम' ऐकलं की मी पाठीमागं बघायचो, आमचे आजोबा आले की काय म्हणून.

दुसरी तऱ्हा त्यांच्या बघण्याची. समोरच्याकडं त्या कधी सरळ बघतच नसत. मान थोडी वळवून, तिरप्या नजरेनं, कोंबडी दाण्याकडं बघते तशा बघत. वही तपासतानाही ती एका अंगाला धरत. शाळेत यावर दोन मतं होती. काही शिक्षक म्हणत, बाईला गर्व आहे. पोरं म्हणत, बाई दुसरीकडं बघते असं दाखवून आपल्यालाच पकडते. मी त्यांची नक्कल फार चांगली करायचो. सगळी शाळा हसायची. शाळेतलं माझं निर्विवाद यश तेवढंच.

आणि तिसरी तऱ्हा तो शब्द. पुस्तकातलं वाक्य असो की देवळातलं, त्या विचारणार, "कशावरून?" पृथ्वी फिरते. कशावरून? सूर्य गरम आहे. कशावरून? यात राग नसायचा, टोमणा नसायचा. भाजीवाल्याला भाव विचारावा इतक्या सहज त्या विचारत. पण सवय लागली आम्हाला, आणि लागली ती चुकीच्या जागी. एकदा वडील म्हणाले, "मी तुझ्या वयाचा होतो तवा रोज दोन कोस चालत शाळेत जायचो." मी म्हणालो, "कशावरून?" त्याचा पुरावा मला लगेच गालावर मिळाला. दुसऱ्या दिवशी मॅडमना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "कदम, प्रश्न बराबर होता. अंतर चुकलं. हाताच्या टप्प्याबाहेर उभं राहून विचारायचं."

वर्गाच्या पहिल्या दिवशी मी विचारलं होतं, "मॅडम, तारे तर रात्री दिसतात. आमी रात्री कसं यायचं?" माझ्या मनात रात्री शाळेत राहण्याची स्वप्नं होती, शास्त्राची नव्हती. मॅडम म्हणाल्या, "रात्रीचे तारे आपल्याला परवडत न्हाईत, कदम. माझी जीप साडेपाचला जाते. पोरींना अंधार पडायच्या आत घरी जावं लागतं. पण एक तारा शाळेच्या वेळात येतो. रोज येतो, गैरहजर ऱ्हात न्हाई. त्याच्यावरच शिकू."

अशी आमची खगोलभौतिकी भर दुपारची निघाली. गावानं तिला 'सूर्याचा क्लास' असं नाव दिलं.

या क्लाससाठी शाळेच्या टोकाची एक खोली होती. पत्र्याचं छप्पर, खिडकी होती तिथंही पत्रा ठोकलेला, आत मिट्ट अंधार. सूर्य पाहायला अंधारी खोली लागते हे मला तेव्हाच कळलं. मॅडमचा एक नियम दगडावरच्या रेघेसारखा होता: "डोळ्यानं न्हाई, कागदावर." सूर्याकडं कुणी नुसती मान वर केली तरी त्या एरवीचं अहो-जाहो विसरून "ए पोरा!" अशा ओरडत, की वऱ्हांड्यातली कबुतरं उडायची. पत्र्याला भोक पाडून त्यातून सूर्याची तिरीप आत घ्यायची, ती कागदावर पाडायची आणि कागदाकडं बघायचं.

खोली मात्र कायमची नव्हती. आमच्या मुख्याध्यापकांना, म्हणजे हेडसरांना, पोषण आहाराचे तांदूळ ठेवायला जागा हवी होती. ते म्हणाले, "मॅडम, दिवाळीपर्यंत वापरा. काही दाखवण्यासारखं निघालं तर ठेवू. न्हाईतर पोती आत." म्हणजे एका बाजूला खगोलभौतिकी आणि दुसऱ्या बाजूला तांदूळ, असा सामना होता. आमचा कल मनातून तांदळाकडं होता, कारण तो रोज खायला मिळायचा. मॅडमसाठी मात्र ती खोली म्हणजे सगळं होतं. त्यांनी स्वतः तिला चुना लावला, भोकाला पुठ्ठ्याचं झाकण केलं, आणि रोज तास संपला की दाराला कुलूप लावून ते दोनदा ओढून बघायच्या.

पहिला प्रयोग सूर्य किती तापवतो ते मोजायचा. बाहेरून काळा केलेला डबा, त्यात मोजून पाणी, पाण्यात थर्मामीटर. पाणी किती तापलं त्यावरून इथं किती ऊन पडतं, आणि त्यावरून अख्खा सूर्य किती आग ओकतो, असं गणित फळ्यावर तयार होतं. फक्त पाण्याचं तापमान भरायचं बाकी होतं. राखणीला मी होतो. उन्हाची राखण करताना मी सावलीत बसलो, यात माझं काही चुकलं असं मला अजूनही वाटत नाही. मॅडम आल्या तेव्हा डबा कोरडा होता.

"कदम, निष्कर्ष?"

"म्हैस आली, मॅडम."

"कशावरून? तुमी पाहिली?"

मी डोळे मिटून विचार करत होतो, त्यामुळं पाहिली नव्हती. "न्हाई मॅडम. पण हे शेण हाय."

मॅडमनी मान वळवून शेणाकडं पाहिलं आणि मनापासून खूश झाल्या. "शाब्बास. जे पाहिलं न्हाई ते खुणेवरून ओळखलं. सगळी खगोलभौतिकी अशीच असते." माझ्या शैक्षणिक आयुष्यातली ही एकमेव शाब्बासकी. ती म्हशीमुळं मिळाली.

नंतर मॅडमनी औंढ्याच्या जत्रेतून घेतलेली एक दुर्बीण आणली. तिची एक नळी फुटलेली होती, म्हणून आम्ही तिला अर्धी दुर्बीण म्हणायचो. ती पत्र्याच्या भोकाला बांधली की समोरच्या कागदावर ताटाएवढा सूर्य पडायचा. पहिल्यांदा तो पडला तेव्हा सगळा वर्ग कागदाभोवती गोळा झाला. इतका गोल, इतका स्वच्छ आणि हळूहळू सरकणारा. मी आतापर्यंत ज्याला नुसतं ऊन समजत होतो, तो एक तारा होता आणि माझ्या हातातल्या कागदावर बसला होता. थट्टा बाजूला ठेवून सांगतो, माझ्या अंगावर काटा आला होता.

मॅडमनी सांगितलं की सूर्यावर कधी कधी काळे डाग येतात. तिथं तो थोडा थंड असतो. थंड म्हणजे लोखंडाची वाफ होईल इतकाच. डाग रोज सरकतात, त्यावरून सूर्य फिरतो हे कळतं. पण काही वर्षं अशीही येतात की सूर्य महिनोन् महिने कोराच असतो. आमच्या वाट्याला नेमकं तसलं वर्ष आलं होतं. आम्ही रोज कागदावर गोल काढायचो आणि आत काहीच नसायचं. हेडसर दारातून डोकवायचे. "काही निघालं का मॅडम?" "न्हाई सर, आज कोरा हाय." ते तांदळाच्या पोत्यांकडं बघत निघून जायचे.

मग दसरा आला. खंडेनवमीला आमच्याकडं नांगर, कुळव, फवारणीचा पंप, शिलाई मशीन, जीप, सगळ्यांची पूजा होते. मोबाइललाही टिळा लागतो. मग अर्ध्या दुर्बिणीनं काय घोडं मारलं होतं? शाळेला सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी आम्ही तिला पाटावर मांडली. झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. सगळा वर्ग रांगेत उभा राहून तिला हळदकुंकू लावत होता. डोळ्याकडचं भिंग सैल होतं, ते निघून हातात आलं. मग त्याचीही दोन्हीकडून पूजा झाली. मॅडम स्वतः हात जोडून उभ्या होत्या. शेवटी सगळं पुसून आम्ही भिंग परत बसवलं. पूजा म्हणजे अशी झाली की खुद्द सूर्यानं खाली यावं.

आणि आला! सुट्टीनंतर पहिल्याच दुपारी कागदावर सूर्य पडला आणि त्याच्या उजव्या अंगाला एक छोटा काळा डाग. रुक्मिणी नावाची आमच्या वर्गातली एक मुलगी होती, धट्टाकट्टा आवाज आणि घारीची नजर. ती किंचाळली, "मॅडम, डाग!"

मॅडम कागदापाशी आल्या. मान इकडून वळवली, तिकडून वळवली. "कुठं? कशावरून? तिघं जण वेगळे बसा आन काढून दाखवा." तिघांनी वेगवेगळं बसून काढलं. डाग तिन्ही कागदांवर एकाच जागी. "बराबर दिसून राहिला ना? खरं सांगा." आम्ही शपथा घेतल्या. मॅडमचा चेहरा असा काही उजळला की मला वाटलं, बाईंना गर्व आहे म्हणणाऱ्या सगळ्यांना इथं आणून उभं करावं.

पुढचे दिवस काय वर्णावेत! डाग रोज थोडा सरकत होता. म्हणजे सूर्य फिरत होता. एक दिवस तो उलटा सरकला, तर मी लगेच सिद्धांत मांडला की सूर्यालाही कधी कधी काही विसरलेलं आठवत असणार. मॅडमनी त्या दिवशीचा गोल तिघांकडून पुन्हा काढून घेतला. पण हेडसरांना दम निघत नव्हता. त्यांनी थेट तालुक्याच्या विस्तार अधिकाऱ्यांना फोन केला. साहेब येणार असं ठरलं, सोबत एक वार्ताहरही. हेडसर मॅडमना म्हणाले, "आता खोली तुमची." आणि मी आठवडी बाजारात, कापसाच्या गाड्यांच्या मधे उभा राहून, जमलेल्या माणसांना सूर्यावरचा डाग समजावून सांगत होतो. एका म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पर ह्यानं सोयाबीनचा भाव वाढंल का?" मी म्हणालो, "अभ्यास चालू आहे."

साहेब येणार त्याच्या आदल्या दुपारी रुक्मिणी म्हणाली, "कडा जरा पुसट दिसून राहिल्या," आणि तिनं डोळ्याकडचं भिंग फिरवलं. कागदावरचा सूर्य जागच्या जागी राहिला. डाग मात्र गोल फिरला. तिनं उलटं फिरवलं, डाग उलटा फिरला.

वर्गात कुणाला काय झालं ते कळायला थोडा वेळ लागला. मला तर सगळ्यांत शेवटी कळलं. रुक्मिणीचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "मॅडम... डाग भिंगासंगं फिरून राहिला."

तेव्हा मॅडम खुर्चीवर बसल्या. "परत फिरवा." तिनं फिरवलं. "परत." मग त्यांनी भिंग काढायला लावलं. आतल्या बाजूला, कडेला, खंडेनवमीच्या कुंकवाचा एक कण चिकटलेला होता. सैल भिंग रोज हात लागला की थोडं सरकायचं, आणि आमचा सूर्य फिरायचा.

आम्हाला वाटलं, आता मॅडम रागावतील. त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "रुक्मिणीबाई," त्या म्हणाल्या, "इतके दिवस आपण नुस्ता सूर्य पाहून राहिलो होतो. अभ्यास आज केला, तो तुमी. डाग वर हाय का आपल्यात हाय, हे कसं वळखायचं, ते लिहून घ्या सगळे." आम्ही लिहून घेतलं: फिरवून बघायचं. सोबत फिरला तर डाग आपला.

हेडसर हे ऐकून मटकन खाली बसायचे बाकी राहिले. बराच वेळ त्यांनी कपाळ चोळलं आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, एक दिवसाचा तर प्रश्न हाय. राहू द्या ना ते कुंकू. साहेब काय भिंग फिरवून बघणार हायत का?"

"साहेब न्हाई फिरवणार सर," मॅडम म्हणाल्या. "पर पोरांना म्हाईत हाय ना."

"खोली जाईल मॅडम."

"व्हय. जाईल."

मी दाराशीच होतो. खरं सांगायचं तर मी मनातून हेडसरांच्या बाजूचा होतो. बाजारात माझी इज्जत पणाला लागली होती.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. अंधाऱ्या खोलीत कागदावर सूर्य पडला, स्वच्छ, कोरा. साहेबांनी चष्मा काढून पाहिला, घालून पाहिला. "डाग कुठंय?" मॅडमनी सरळ सांगितलं. दसरा, पूजा, कुंकू, सगळं. रुक्मिणीकडून भिंग फिरवून घेऊन, कसं कळलं तेही दाखवलं. साहेब सुरुवातीला गंभीर होते. मग त्यांना हसू आलं. मग ते इतके हसले की हेडसरांना त्यांच्यासाठी पाणी मागवावं लागलं. जाताना म्हणाले, "छान. मनोरंजन चांगलं आहे." दोन दिवसांनी बातमी आली: 'विद्यार्थ्यांनी सूर्याला लावले कुंकू!' फोटोत मी सगळ्यात पुढं होतो. पुढं कित्येक दिवस स्टँडवरून गेलो की जीपवाले ओरडायचे, "काय शास्त्रज्ञ, चंद्राला हळद कधी?"

दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा खोलीत छतापर्यंत तांदळाची पोती होती. आम्ही दारात उभे. मला वाटलं, संपलं. मॅडम आत गेल्या, थप्पीला हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, "पांढरी हायत. कागदाचं काम भागलं." पत्र्याच्या भोकापुढची दोन पोती आम्हाला सरकवायला लावली, दुर्बीण बांधली आणि सूर्य पोत्यावर पडला. त्याखाली वजन छापलेलं होतं. दहावी संपेपर्यंत आमची खगोलभौतिकी तांदळाच्या आणि उंदरांच्या संगतीत चालली. हेडसरांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. त्या भल्या माणसाचे हे उपकार मी विसरणार नाही.

बोर्डाच्या परीक्षेच्या थोडं आधी पोत्यावरच्या सूर्यावर पुन्हा एक डाग दिसला. कुणी किंचाळलं नाही. रुक्मिणीनं गुपचूप भिंग फिरवलं. डाग जागचा हलला नाही. एकेकानं येऊन फिरवून पाहिलं. मॅडम प्रत्येकाला विचारत होत्या, "दिसून राहिला ना? बराबर दिसून राहिला? कसा हाय, सांगा ना." इतक्या वेळा विचारलं की मला वाटलं, बाईंचा आमच्यावरचा विश्वास उडालाय. यावेळी ना साहेब आले, ना वार्ताहर. मॅडमनी पिशवीतून गूळ-शेंगदाणे काढून सगळ्यांना वाटले. पोत्याला हात लावून त्या बराच वेळ उभ्या होत्या.

त्यानंतर माझी जी काही प्रगती झाली ती थोडक्यात सांगतो. हिंगोलीला बीएस्सीला गेलो. दुसऱ्या वर्षी भौतिकशास्त्रात सूर्यास्त झाला. जाताना मॅडमना छातीठोकपणे सांगून गेलो होतो, "बघाच, त्या प्रकल्पात दिसेन." वॉचमनच्याही जागेला नाव लागलं नाही. आता मी सोलर पंप बसवतो. शेतात खांब उभे करायचे, सोलरच्या पाट्या बसवायच्या, त्यांच्यावरची धूळ आणि कावळ्यांची घाण पुसायची. रुक्मिणी नर्सिंगला गेली. आमच्या वर्गातून एकही खगोलभौतिकशास्त्रज्ञ निघाला नाही. ही बातमी मॅडमना आपल्या तोंडून कळू नये म्हणून त्यांच्या वाटेला मी कधी गेलोच नाही. त्यांची बदली सेनगावकडच्या गोरेगावला झाल्याचं ऐकलं आणि खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं.

पण पंप कुठंही बिघडतो. मागच्या हिवाळ्यात गोरेगावजवळच्या एका शेतातलं काम आटोपून परतीच्या जीपची वाट पाहत उभा होतो. समोर शाळा. सुट्टीचा दिवस असावा, पोरं नव्हती. वऱ्हांड्यात, अंधारलेल्या कोपऱ्यात, एका टेबलापाशी पांढरे खेळाचे बूट दिसले. मी चटकन तोंड फिरवलं. तेवढ्यात शेजारचा एक जण म्हणाला, "जीप आत्ता येईल," आणि माझ्या तोंडून "कशावरून?" निघून गेलं.

"अहो कदम!"

पाठीमागं आजोबा नव्हते. गेलो. केस थोडे पिकले होते, मान तशीच तिरपी. पाया पडलो. "काय करून राहिलात सध्या?" मी जमिनीकडं बघत सांगितलं, "सोलर पंप बसवतो मॅडम."

"म्हंजे ताऱ्यावरच पोट हाय तुमचं," त्या म्हणाल्या. "माझ्या पोरांपैकी तेवढं कुणाचं न्हाई." त्यात टोमणा शोधायचा मी प्रयत्न केला. नव्हता.

टेबलावर तीच अर्धी दुर्बीण होती आणि भिंतीला टाचलेल्या कागदावर सूर्य पडला होता. "बरं झालं आलात. आज पोरं न्हाईत. बघा बरं, काही दिसून राहिलं का?"

"तुमी पाहा ना मॅडम, तुमच्या तर समोरच हाय."

"मला दिसत न्हाई."

मला कळलं नाही. मॅडमनी भाजीचा भाव सांगावा इतक्या सहज सांगितलं. त्या लहान असताना ग्रहण लागलं होतं. तांड्यावर सगळे दारं लावून बसले. दादी म्हणाली, "सूर्याला राहू गिळून राहिला, भायेर पाहशील तर डोळे जातील." त्यांनी दादीला विचारलं, "कशावरून?" आणि मागच्या दारानं बाहेर जाऊन, मान वर करून, डोळे भरून सूर्य पाहिला. "तवापासून दोन्ही डोळ्यांत, नजरेच्या बराबर मधी, एक डाग हाय. ज्याच्याकडं सरळ पाहावं, नेमकं तेच जातं. बाजूचं दिसतं. बाकी काम भागतं माझं." मग थोडं हसल्या. "दादी बराबर निघाली, कदम. कारण चुकीचं सांगत होती, पर गोष्ट खरी होती."

ती तिरपी मान. माझी ती नक्कल. "ए पोरा!" म्हणून आमच्यावर ओरडणं. "मॅडम, मंग तो कुंकवाचा..."

"न्हाई दिसला. न् तो पोत्यावरचा खराही न्हाई दिसला. बारीक डाग मला न्हाईच दिसत. तुमी जे सांगितलं तेच मी पाहिलं." आणि लगेच, जणू एवढं बोलण्यात वेळ गेला म्हणून, "अहो, ऊन सरकून राहिलं. बघा लवकर."

मी बघितलं. डोळ्यांत पाणी आलेलं, ते पुसून पुन्हा बघितलं. "हाय मॅडम. डाव्या बाजूला एक. त्याच्या खाली एक बारका."

"कशावरून?"

मी हात पुढं करून भिंग फिरवलं. एकदा सुलटं, एकदा उलटं. "फिरत न्हाईत मॅडम. वरचेच हायत."

त्यांनी पेन्सिल घेतली. "कुठं ते दाखवा."

मी कागदावर डागाच्या जागी बोट ठेवलं. रस्त्यावर जीपवाला हॉर्न वाजवत होता, गोरेगाव-सेनगावची शेवटून दुसरी जीप. मॅडमनी मान वळवली, पेन्सिलचं टोक चाचपत माझ्या नखापाशी आणलं.

"बोट काढू नका, कदम. मला जागा कळू द्या."

जीप निघून गेली. मी बोट काढलं नाही.